जुन्या स्पोर्ट्स गाडीला आधी ब्रेक, मग रुंद टायर

मा. संपादक यांस,

सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत जुन्या स्पोर्ट्स गाड्यांच्या हौसेवर जो लेख आला आणि त्यानंतर याच सदरात जी वाचकपत्रे छापून आली, ती सर्व मी लक्ष देऊन वाचली. एका मालकाने आपल्या गाडीला रुंद टायर बसवून तिला कसे रुबाबदार रूप दिले, याचे लेखात कौतुक होते. वाचकपत्रांचा सूर मात्र असा होता की, त्या मालकाने एका सुंदर वस्तूची नासाडी केली. त्याच गाडीचे ब्रेकही बदलले आहेत, ही गोष्ट लेखात एका ओळीत उरकली होती आणि पत्रांत तर तिचा उल्लेखच नव्हता. मकरपुरा औद्योगिक वसाहतीत यंत्रकामात उमेदीची वर्षे घालवून, निवृत्तीनंतर बडोद्यातल्या ओळखीच्या मंडळींच्या जुन्या गाड्यांचे ब्रेक आणि सस्पेन्शन नीट करून देण्याचे काम मी आवडीने करतो. त्यामुळे ही वादावादी वाचून मला वाईट वाटले, कारण कौतुक करणारे आणि रागावणारे असे दोघेही गाडी थांबते कशी हे सोडून ती दिसते कशी याबद्दलच बोलत आहेत.

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे. पन्नास-साठ वर्षांपूर्वीची गाडी जो आजच्या रस्त्यावर आणतो, त्याने तिचे ब्रेक आजच्या रहदारीला पुरतील इतके सुधारून घेतलेच पाहिजेत. टायर योग्य मापाचे आणि ताजे असणे तितकेच आवश्यक आहे. टायरची रुंदी वाढवायची की नाही हा त्यानंतरचा प्रश्न असून, तो सोडवताना रिम, मडगार्ड आणि गाडीचे सांधे किती सोसू शकतात याचा हिशेब केला पाहिजे.

उदाहरणासाठी एमजीबी ही गाडी घेतो. आपल्या जवळच्या हालोलला २०१९ पासून एमजी नावाच्या गाड्या तयार होत आहेत, त्यामुळे हे नाव नव्या पिढीलाही परके राहिलेले नाही. परंतु मी ज्या एमजीबीबद्दल बोलतो आहे ती इंग्लंडमधील ॲबिंग्डनच्या कारखान्यात १९६२ ते १९८० या काळात तयार झालेली दोन दारांची स्पोर्ट्स गाडी आहे. तिच्या पाच लाखांहून अधिक प्रती निघाल्या, त्यामुळे तिचे सुटे भाग आजही इंग्लंडहून मागवता येतात आणि तिच्यावर काय केले असता काय होते, याचा अनुभव जगभर साठलेला आहे. इंजिन १७९८ सीसीचे, वजन जेमतेम साडेनऊशे किलो, पुढे पावणेअकरा इंच व्यासाच्या डिस्क (पॅडच्या चिमटीत धरल्या जाणाऱ्या उघड्या चकत्या), मागे दहा इंचांचे ड्रम (आतून शू दाबून थांबवायच्या डब्या) आणि चौदा इंची चाके. सुरुवातीच्या गाड्यांना ५.६०-१४ मापाचे, म्हणजे साधारण १४२ मिलिमीटर रुंदीचे क्रॉसप्लाय (आतले धागे तिरपे, एकमेकांना छेदून घातलेले) टायर येत. पुढे १६५ रुंदीचे रेडियल (धागे एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ आडवे घातलेले) टायर आले. आपल्या काळाच्या मानाने हे ब्रेक चांगलेच होते, आणि हे मी मुद्दाम सांगतो, कारण जुन्या गाडीचे ब्रेक मुळातच वाईट असतात असे समजून काही मंडळी पहिल्याच दिवशी सगळे काढून टाकायला निघतात. मूळ ब्रेक पूर्णपणे नीट केले, तर एमजीबी आजही सन्मानाने थांबते. अडचण ही आहे की, मूळ ब्रेक पूर्णपणे नीट असलेली गाडी क्वचितच पाहायला मिळते, आणि तिच्या पुढे चालणारी गाडी आता १९६५ सालची नसते.

अहमदाबाद-बडोदे द्रुतगती मार्गावर ताशी १०० किलोमीटरने चाललेल्या गाडीचा साधा हिशेब पाहा. चांगले टायर आणि एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाके अडकू न देणारी यंत्रणा) असलेली आजची मोटार कोरड्या रस्त्यावर या वेगावरून साधारण ४० मीटरमध्ये थांबते. मागून येणाऱ्या जुन्या स्पोर्ट्स गाडीचे ब्रेक उत्तम आहेत असे गृहीत धरून तिला ५५ मीटर देऊ. दोघांनी रस्त्यावरच्या एकाच ठिकाणी ब्रेक दाबला असेल, तर नवी गाडी थांबते त्या ठिकाणी जुनी गाडी अजून ताशी सुमारे ५२ किलोमीटरने धावत असते. ऐकणाऱ्याला पंधरा मीटरचा फरक किरकोळ वाटतो, परंतु त्या पंधरा मीटरमध्ये पन्नासच्या वेगाची धडक दडलेली आहे, आणि ती सोसणाऱ्या जुन्या गाडीत एअरबॅग नसते, डोक्यामागे आधार नसतो, पुष्कळदा धड पट्टाही नसतो. थांबण्याचे अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ताशी ६० च्या वेगाला जे अंतर लागते त्याच्या पावणेतीनपट अंतर १०० च्या वेगाला लागते, म्हणून रावपुऱ्यात आणि दांडिया बाजारात ज्याचे ब्रेक उत्तम लागतात त्याने गोल्डन चोकडी ओलांडून पुढे जाताना तेवढ्यावर विसंबून राहू नये.

आता ब्रेक सुधारणे म्हणजे काय, यावर जरा विस्ताराने लिहितो, कारण गैरसमज इथेच सर्वांत जास्त आहेत. बहुतेकांना सुधारणा म्हटले की मोठ्या डिस्क, चार पिस्टनचे रंगीत कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारे चिमटे) आणि भोके पाडलेल्या चकत्या आठवतात. माझ्या पाहण्यात आलेल्या जुन्या गाड्यांमध्ये खरा दोष असतो तो नजरेआड असणाऱ्या रबराच्या होज पाइपांत, गंजलेल्या लोखंडी नळ्यांत आणि वर्षानुवर्षे न बदललेल्या ब्रेक ऑइलमध्ये. गेल्या हिवाळ्यात एका स्नेह्यांची एमजीबी माझ्याकडे आली. ब्रेक सोडल्यावरही ती डावीकडे खेचत होती आणि दहा मिनिटे चालवल्यावर पुढच्या डाव्या चाकाजवळ हात नेववत नव्हता. कॅलिपर खोलला तर पिस्टन स्वच्छ आणि मोकळे होते. मग होज काढून धारदार पात्याने लांबीच्या दिशेने चिरला. बाहेरून त्यावर एक भेगही नव्हती, परंतु आतले रबर फुगून सुटले होते आणि तेलाला वाट अशी जी उरली होती तीतून टाचणी जेमतेम गेली असती. पायाचा जोर मोठा असल्यामुळे तेल पुढे जात होते; पाय उचलल्यावर ते परत येत नव्हते, म्हणून पॅड डिस्कला घासतच राहत होते. या गाडीला त्यापूर्वी कुणीतरी सुचवलेल्या महागड्या डिस्क बसवल्या असत्या, तर त्याही तशाच तापल्या असत्या. सगळे होज बदलले, नळ्या तांबे-निकेलच्या मिश्रधातूच्या करून घेतल्या, हवा काढली, आणि गाडी सरळ रेषेत थांबू लागली. जाळीचे आवरण असलेले स्टीलचे होज घालता आले तर अधिकच चांगले, कारण ते दाबाखाली फुगत नाहीत आणि पेडल कडक राहते.

ब्रेक ऑइलबद्दल आपल्याकडे फारच बेफिकिरी आहे. पातळी कमी झाली की वरून थोडे ओतायचे, एवढीच त्याची निगा राखली जाते. हे तेल हवेतील ओलावा शोषून घेते. डॉट-४ प्रतीचे ताजे तेल २३० अंश सेल्सिअसच्या खाली उकळत नाही, पण ओलावा मुरला की हीच मर्यादा १५५ अंशांपर्यंत उतरते. उकळलेल्या तेलात वाफेचे बुडबुडे होतात, वाफ दाबली जाते आणि पेडल काहीही न करता तळाशी जाऊन बसते. पावागडला माचीपर्यंत गाडी नेणाऱ्यांनी उतरतीच्या वेळी हे ध्यानात ठेवावे: खाली येताना दुसऱ्या गिअरमध्ये इंजिनाचा अडसर घ्यावा, ब्रेकवर सतत पाय ठेवू नये, आणि तेल दर दोन वर्षांनी पूर्ण बदलावे. ज्यांच्याकडे चारही चाकांना ड्रम असलेली गाडी आहे, उदाहरणार्थ मद्रासला तयार झालेली स्टँडर्ड हेराल्ड, त्यांना तर ही काळजी दुप्पट घ्यावी लागते. ड्रम तापला की तो फुगून शूपासून दूर जातो आणि पेडल आणखी खाली उतरते. डिस्क मात्र तापून जाड होते ती पॅडकडेच सरकते, शिवाय उघड्या वाऱ्यात लवकर थंड होते. म्हणूनच पुढच्या ड्रमच्या जागी डिस्क बसवणे ही त्या गाडीतली सर्वांत मोलाची सुधारणा ठरते.

एमजीबीला पुढे डिस्क मुळातच आहेत, त्यामुळे तिथे दुसरा दोष पाहावा लागतो. सुरुवातीच्या गाड्यांत मास्टर सिलिंडरमधून, म्हणजे पेडल दाबल्यावर तेल ढकलणाऱ्या मुख्य नळकांड्यातून, निघणारे सर्किट (तेलाचा मार्ग) एकच असते. चार चाकांपैकी कुठेही एक नळी फुटली की चारही ब्रेक एकदम जातात आणि उरतो तो फक्त हँडब्रेक. अमेरिकेत जाणाऱ्या एमजीबींना १९६८ च्या मॉडेलपासून दुहेरी सर्किट आले, म्हणजे पुढची आणि मागची चाके वेगळ्या कप्प्यांतून चालू लागली आणि एक कप्पा निकामी झाला तरी दुसरा कप्पा गाडी थांबवू लागला. जुन्या एमजीबीत हा दुहेरी मास्टर सिलिंडर बसवणे हा माझ्या मते सर्वांत आधी करण्याचा बदल आहे. तो बाहेरून दिसत नाही, त्याने गाडीचा रुबाब वाढत नाही, कुणी त्याचे छायाचित्र काढत नाही. म्हणूनच तो मागे पडतो. सर्व्हो, म्हणजे पेडलच्या जोराला मदत करणारे उपकरण, बसवल्याने पायाचे कष्ट कमी होतात, वयस्कर चालकाला ते फार सोयीचे आहे, पण टायरची पकड जेवढी आहे त्यापेक्षा अधिक लवकर गाडी सर्व्होमुळे थांबत नाही, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे.

ज्यांना याही पुढे जायचे आहे त्यांच्यासाठी एमजीनेच वाट करून ठेवली आहे. १९७३ मध्ये साडेतीन लिटरच्या व्ही-८ इंजिनाची एमजीबी जीटी निघाली, तिला जाड डिस्क आणि मोठे कॅलिपर होते. ते साध्या एमजीबीला बसवता येतात, मात्र तारांची चाके असतील तर कॅलिपर आणि तारा यांच्यात जागा राहते की नाही, हे विकत घेण्याआधी मोजून पाहावे. आणि पुढचे ब्रेक वाढवले की मागच्यांचा विचार करावाच लागतो. ब्रेक दाबल्यावर गाडीचा भार पुढे जातो, मागची चाके हलकी होतात. मागचा ब्रेक प्रमाणाबाहेर कडक असला तर ती आधी अडकतात आणि गाडी गरकन फिरते. म्हणून मागच्या ड्रमला हात लावताना त्यांची ताकद वाढवण्यापेक्षा ते लेथवर गोल करून घेणे, शू नीट बसवणे आणि दोन्ही बाजूंचे ॲडजस्टमेंट सारखे करणे, एवढे पुरते. शर्यतीचे पॅड मागवणाऱ्यांनाही एक विनंती आहे. ते पॅड तापल्याशिवाय धरत नाहीत, आणि मांडवीच्या गर्दीत, सकाळी गाडी काढल्या काढल्या समोर स्कूटर आली, तर पॅड तापायला वेळ मिळत नाही. जाता जाता आणखी एक: ब्रेकच्या जुन्या लायनरमध्ये फुप्फुसांना घातक असे ॲस्बेस्टॉस असू शकते, त्यामुळे ड्रममधली धूळ गॅरेजमधल्या पोरांना हवेच्या नळीने उडवायला लावू नये, ओल्या फडक्याने पुसून घ्यावी.

टायरकडे वळतो. क्रॉसप्लाय टायर सोडून त्याच मापाचे रेडियल घेणे हा निर्विवाद फायद्याचा बदल आहे. रेडियल टायर १९४० च्या दशकाच्या अखेरीस मिशेलिनने बाजारात आणला, आणि एमजीबीच्या स्वतःच्या आयुष्यातच तिच्यासाठी तो रूढ झाला, तेव्हा त्याला परका म्हणण्याचे कारण नाही. शिवाय १६५/८० आर १४ (रुंदी १६५ मिलिमीटर, भिंतीची उंची रुंदीच्या ८० टक्के, रिम १४ इंची) हे माप आपल्याकडे काही स्विफ्ट मोटारींना येते, त्यामुळे ते बडोद्यातल्या कोणत्याही बऱ्या टायरच्या दुकानात ताजे मिळते. माझ्या मते रोजच्या सवारीसाठी हेच माप सर्वांत उत्तम आहे. ज्याला थोडी अधिक पकड आणि थोडा भरदार देखावा हवा असेल त्याने १८५/७० आर १४ घ्यावा. दोन्ही टायरांचा बाहेरचा व्यास काढून पाहा: पहिल्याचा सुमारे ६२० मिलिमीटर येतो, दुसऱ्याचा ६१५. फरक एक टक्क्याहूनही कमी असल्याने स्पीडोमीटर आणि गिअरचे गणित बिघडत नाही, आणि साडेचार इंची रिमवर हा टायर नियमाप्रमाणे बसतो.

त्यापलीकडे गेले की मात्र किंमत मोजावी लागते. १९५/६० आर १४ चा व्यास ५९० मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे मूळ टायरपेक्षा जवळजवळ पाच टक्के कमी. गाडी खाली बसते, इंजिन त्याच वेगाला अधिक फिरते, स्पीडोमीटर वेग वाढवून दाखवतो, आणि बडोद्याच्या सोसायट्यांतले गतिरोधक सायलेन्सरला लागू लागतात. या टायरला किमान साडेपाच इंची रिम लागतो. अरुंद रिमवर तो चढवला तर त्याच्या बाजू आत ओढल्या जातात, जमिनीवर टेकणारा भाग फुगीर होतो आणि ज्या पकडीसाठी खटाटोप केला तीच मिळत नाही. एमजीबीच्या मागच्या मडगार्डमध्ये जागा कमी असते, त्यातही बऱ्याच गाड्यांत डावीकडे उजवीपेक्षा कमी. दोन माणसे बसली, टाकी भरली आणि खड्डा आला की टायरची भिंत मडगार्डच्या आतल्या दुमडलेल्या पत्र्याला घासते. अशा एका टायरच्या खांद्यावर, सर्व बाजूंनी गोल फिरलेली, नखाने खरवडल्यासारखी खोल चर मी पाहिली आहे. आतले धागे दिसायला लागले होते आणि मालकाला काही दिवस ऐकू येणारा आवाज हा स्प्रिंगच्या पाट्यांचा आहे असे वाटत होते. हीच गोष्ट द्रुतगती मार्गावर वेगात घडली असती तर काय झाले असते, याची कल्पना करणे कठीण नाही.

न दिसणारी झीज याहून मोठी आहे. वळणावर टायर जितका धरून ठेवतो तितका आडवा जोर रिमवर, तारांवर, व्हील बेअरिंगवर आणि किंगपिनवर, म्हणजे पुढचे चाक ज्या खुंटीवर वळते तिच्यावर, येतो. तारांच्या चाकाची रचना अरुंद टायर गृहीत धरून केलेली आहे. रुंद, चिकट टायर घातला की तारा सैल होतात, तुटतात, आणि हबवरचे दाते झिजतात. टायर बाहेरच्या बाजूला सरकवण्यासाठी जाड स्पेसर (चाकामागे घालायची चकती) किंवा बाहेर झुकलेले रिम बसवले तर चाकाचा मध्य बेअरिंगपासून दूर जातो, तरफ लांबते आणि बेअरिंगवरचा ताण वाढतो. पॉवर स्टीअरिंग नसलेल्या गाडीत न्यायमंदिराजवळ गाडी लावताना हातांना जे कष्ट पडतील ते वेगळेच. आणि पावसाळ्याचे काय? पाण्याच्या थरावर टायर तरंगण्याचा धोका टायर जितका रुंद तितका अधिक, कारण त्याला बाजूला सारावे लागणारे पाणी जास्त आणि प्रत्येक चौरस इंचावरचा भार कमी. साडेनऊशे किलोच्या हलक्या गाडीला तर हा धोका अधिकच. ज्या शहरात एक मोठी सर आली की रस्त्यांचे ओढे होतात, तिथे अरुंद टायर आणि चांगली खोल नक्षी हीच सुरक्षित जोडी आहे. कायद्याने मोटारीच्या टायरची नक्षी किमान १.६ मिलिमीटर खोल हवी. मी स्वतः तीनच्या खाली गेल्यावर पावसाळ्याआधी टायर बदलायला सांगतो.

जुन्या गाड्या कमी चालतात, म्हणून त्यांचे टायर गोटा होत नाहीत. नक्षी शाबूत असते आणि रबर मात्र दगडासारखे कडक झालेले असते. टायरच्या भिंतीवर चार आकडे एका चौकटीत छापलेले असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि नंतरचे दोन वर्षाचे. २३१२ असे असेल तर तो टायर २०१२ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाला. प्रदर्शनात चमचमणाऱ्या गाड्यांचे हे चार आकडे वाचत फिरलात तर अंगावर काटा येईल. दहा वर्षांच्या जुन्या रुंद टायरपेक्षा या वर्षीचा अरुंद टायर कितीतरी लवकर गाडी थांबवतो, आणि मोठ्या ब्रेकांवर खर्च केलेला पैसा अशा कडक टायरवर अक्षरशः वाया जातो, कारण शेवटी गाडी थांबवतो तो रस्त्याला टेकलेला रबराचा तुकडा.

आता वारशाचा मुद्दा, जो आपल्या वाचकांनी पोटतिडकीने मांडला आहे आणि ज्याबद्दल मला आदर आहे. बडोद्याला जुन्या वस्तू जपण्याचे संस्कार आहेत. जानेवारी २०२३ मध्ये लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारात ट्वेंटीवन गन सॅल्यूट हे जुन्या गाड्यांचे प्रदर्शन भरले, तेव्हा मूळ रंग, मूळ कातडे, मूळ दिवे जपलेल्या गाड्या पाहून डोळे निवले. जी गाडी केवळ प्रदर्शनासाठी ट्रेलरवरून जाते तिच्या एका स्क्रूलाही हात लावू नये, हे मला मान्य आहे. पण जी गाडी चालते, जिच्यात मालकाची नात शेजारी बसते, तिला तोच नियम लावणे बरोबर नाही. स्पोर्ट्स गाडीचा इतिहास हाच मुळी ब्रेक सुधारत नेण्याचा इतिहास आहे. जॅग्वारने १९५३ ची ल माँची चोवीस तासांची शर्यत जिंकली ती सी-टाइपला डनलॉपच्या डिस्क बसवून, आणि त्याच कंपनीच्या त्याआधीच्या एक्सके १२० चे ड्रम जोरात चालवल्यावर दम सोडत, ही तक्रार तेव्हाचीच आहे. त्या काळातल्या मालकांनी पुढच्या वर्षी निघालेला चांगला भाग मागच्या वर्षीच्या गाडीला हौसेने बसवला होता. याच शहरात सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये कलाभवन ही तंत्रशाळा काढली ती हाताला काम आणि कामाला शास्त्र मिळावे म्हणून. जुनी वस्तू समजून घेऊन ती नीट चालती ठेवणे हे त्या परंपरेला धरूनच आहे.

मात्र बदल असा करावा की तो परत फिरवता येईल. पत्रा कापू नये, मडगार्ड पसरवू नयेत, चासीवर वेल्डिंग करू नये. जे भाग मूळ भोकांत आणि मूळ बोल्टवर बसतात तेच घ्यावेत, आणि काढलेले मूळ भाग तेल लावून, चिठ्ठी बांधून पेटीत ठेवावेत. दुहेरी मास्टर सिलिंडर, होज, पॅड, डिस्क, टायर हे सर्व एका आठवड्यात पूर्ववत करता येते; रुंद टायर मावावा म्हणून एकदा कापलेले मडगार्ड पूर्ववत होत नाही. वाचकांचा राग या कापाकापीवर असेल, तर त्यात मी त्यांच्यासोबत आहे.

कायद्याबद्दल दोन शब्द. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीपत्रातील तपशील आणि गाडी यांच्यात फरक पडेल असा बदल मालकाला करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही उत्पादकाने ठरवलेल्या स्वरूपाशी विसंगत बदलांना मनाई असल्याचे स्पष्ट केले आहे. त्यानंतर २०२१ मध्ये केंद्र सरकारने पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी वेगळे नियम केले: वीस हजार रुपये शुल्क, दहा वर्षांची नोंदणी, क्रमांकात व्हीए ही अक्षरे, आणि वापर प्रदर्शन, रॅली, संशोधन, इंधन व देखभाल एवढ्यापुरता. त्या नियमांत गाडी मूळ रूपात असावी आणि चासी, बॉडी किंवा इंजिन यांत बदल करणारी मोठी दुरुस्ती झालेली नसावी, अशी अट आहे. त्या अटीत ब्रेक आणि टायर यांची नावे घेतलेली नाहीत. तरीही तपासणीच्या वेळी आक्षेप येईल या भीतीने अनेक मालक दुहेरी मास्टर सिलिंडर बसवायला कचरतात, आणि ज्यांना भीती नाही ते कापाकापी करून मोकळे होतात. परिवहन खात्याने एक साधे परिपत्रक काढून असे सांगावे की मूळ माउंटिंगवर बसणारे, परत काढता येणारे ब्रेकचे भाग आणि रिमला योग्य असे रेडियल टायर यांमुळे जुन्या गाडीचा दर्जा जाणार नाही, तर निदान प्रामाणिक मालकांचा जीव भांड्यात पडेल.

माझी दुसरी विनंती रॅली भरवणाऱ्या मंडळांना आहे. निशाण दाखवण्यापूर्वी मोकळ्या जागेत, ताशी चाळीसच्या वेगावरून प्रत्येक गाडी एकदा थांबवून पाहावी. ती सरळ थांबते का, पेडल कडक राहते का, एखादे चाक आधी अडकते का, हे दोन जाणत्या माणसांना पाच मिनिटांत कळते. त्याच वेळी टायरवरचे चार आकडे आणि होजची तारीख वहीत लिहून घ्यावी. ज्या गाडीचे टायर दहा वर्षांच्या वरचे आहेत तिला मैदानात मानाने उभे करावे, पण रस्त्यावर सोडू नये. बक्षिसाचे गुण देताना पॉलिश आणि क्रोम यांच्याबरोबर ब्रेकच्या कामालाही गुण ठेवावेत, म्हणजे न दिसणाऱ्या कामावर पैसा खर्च करणाऱ्या मालकाचीही कुणीतरी दखल घेतली असे होईल. या कामासाठी बडोद्यातल्या कोणत्याही मंडळाला माणूस हवा असल्यास मी यायला तयार आहे.

आपला विश्वासू,
एक वाचक, बडोदे